कल्पनेतल्या गावात भाकरी कोण करतं?



सहामाही परीक्षेच्या आधी सातवीच्या वर्गाला मी एक कल्पनाप्रधान निबंध दिला होता. विषय होता ‘सन २१०० मधलं माझं गाव’. ‘मी पंतप्रधान झालो तर’, ‘सूर्य उगवला नाही तर’ हे विषय मुलांना पाठ झालेत. बाजारातल्या निबंधाच्या पुस्तकात त्यांची तयार वाक्यं मिळतात. म्हटलं, जरा वेगळं काही देऊ.

आमची शाळा बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावात आहे. दसरा-दिवाळी आली की गावातली निम्मीअधिक घरं कुलूपबंद होतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात ऊसतोडीला जातं. काही मुलं आईबापाबरोबर जातात, काही आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. बीड जिल्ह्यातल्या शिक्षकांना हे नव्याने सांगायला नको.

मुलांनी मनापासून लिहिलं. उडणारी एसटी, चोवीस तास नळाला पाणी, रोबोट गुरुजी, पाठीवर लावायचं पंख्याचं दप्तर. एका पोराने लिहिलं, “२१०० मध्ये रोबोट ऊस तोडील आणि माझे पप्पा रोबोटचे मुकादम होतील.” मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, रोबोटला उचल किती द्यायची?” सगळा वर्ग हसला. मीही हसले.

मग एका मुलीची वही हातात आली. तिने लिहिलं होतं, “२१०० मध्ये माझी माय पहाटे चारला उठणार नाही.” मला ते फार आवडलं. तिला जवळ बोलावून विचारलं, “मग भाकरी कोण करील गं?” ती जराही न थांबता म्हणाली, “मी करीन की मॅडम.”

सन २१०० ! आकाशात एसटी उडतेय, आणि चुलीपुढे मात्र तीच बसलेली आहे. फक्त आईच्या जागी लेक आली.

त्या दिवशी घरी आल्यावर मी जरा शोधाशोध केली. दूरच्या भविष्यातलं सुखी जग माणसांनी कधीपासून रंगवायला सुरुवात केली? त्यात काय काय होतं? आणि महत्त्वाचं म्हणजे, त्या सुखी जगात घाम कोण गाळत होतं? जे सापडलं ते वर्गात घेता येईल अशा पद्धतीने इथे मांडते आहे.

सुखाचं जग मागे की पुढे?

सुखी जगाची कल्पना आपल्याकडे नवी नाही. पण ते जग बहुतेक वेळा आपल्या मागे असतं. आधी सत्ययुग, मग त्रेता, मग द्वापर, आणि शेवटी हे कलियुग. उतरती भाजणी. पुराणांच्या हिशोबाने कलियुग ४,३२,००० वर्षांचं, म्हणजे पुन्हा सत्ययुग यायला भरपूर अवकाश आहे. ‘रामराज्य’ म्हणतानाही आपण मागेच बघतो. आणि ते परत आणायचं काम साधारणपणे एखादा अवतार करणार, माणसांनी वाट बघायची.

युरोपातही फार वेगळं नव्हतं. सुखाचा बगीचा मागे, नाहीतर मेल्यावर स्वर्गात. १५१६ मध्ये इंग्लंडच्या थॉमस मूर यांनी लॅटिनमध्ये एक पुस्तक लिहिलं, ‘युटोपिया’. ग्रीक शब्दांवरून त्यांनी हे नाव घडवलं आणि त्याचा अर्थ होतो ‘कुठेच नसलेली जागा’. ‘चांगली जागा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाशीही त्याचा उच्चार जुळतो, ही त्यातली गंमत. आज आदर्श समाजाच्या कुठल्याही चित्राला आपण युटोपिया म्हणतो तो शब्द इथून आला.

मूर यांचा युटोपिया भविष्यात नव्हता, एका दूरच्या बेटावर होता. तिथे खाजगी मालमत्ता नाही, सगळ्यांना शेतीचं शिक्षण, आणि दिवसाला फक्त सहा तास काम. पाचशे वर्षांपूर्वी सहा तास ! पण भोजनगृहाचं वर्णन येतं तिथे थांबून वाचावं. सगळे एकत्र जेवतात. घाणीची आणि कष्टाची कामं गुलाम करतात. स्वयंपाक मात्र बायका करतात, घराघरातून पाळीपाळीने.

म्हणजे राजा बदलला, पैसा गेला, सोन्याला किंमत राहिली नाही. चूल मात्र हलली नाही.

बेटावरून भविष्यात

पुढे जहाजं सगळीकडे फिरून आली, जगाचे नकाशे भरत गेले. अनोळखी बेट दाखवायला जागाच उरेना. त्याच काळात ज्ञान वाढेल तसा समाज सुधारत जातो, हा विचारही जोर धरू लागला. मग सुखी जग बेटावरून उठून भविष्यकाळात जाऊन बसलं.

१७७१ मध्ये फ्रान्सच्या लुई सेबास्तियन मर्सिए यांची कादंबरी आली. तिचं नावच मुळी ‘सन २४४०’. एक माणूस झोपतो आणि जागा होतो तो जवळपास सातशे वर्षांनंतरच्या पॅरिस शहरात. शहर तेच, काळ वेगळा. ही युक्ती फार महत्त्वाची आहे. बेट दुसऱ्याचं असतं, आपण ते फक्त बघून येतो. पण ‘आपलंच शहर पुढे असं होईल’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न येतो, मग आज ते असं का नाही?

मुलांना मी ‘एका आदर्श गावाचं वर्णन करा’ असं न सांगता ‘माझं गाव, सन २१००’ असं सांगितलं, ती नकळत मर्सिएंचीच युक्ती होती.

आपल्या देशात कोलकात्याच्या कैलासचंद्र दत्त या तरुणाने १८३५ मध्ये इंग्रजीत एक गोष्ट लिहिली. ती घडते १९४५ मध्ये, म्हणजे एकशे दहा वर्षं पुढे. इंग्रजी सत्तेविरुद्ध सशस्त्र उठाव होतो. गोष्टीत तो फसतो. पण १८५७ च्या बावीस वर्षं आधी असा विचार कागदावर आला होता, आणि कल्पनेतलं साल खऱ्या स्वातंत्र्यापासून दोनच वर्षं दूर होतं ! इतिहासाच्या तासाला ही गोष्ट सांगून बघा, मुलं सावरून बसतात.

मराठीत गोपाळ हरी देशमुख म्हणजे लोकहितवादी यांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात जी पत्रं लिहिली, ती ‘शतपत्रे’ म्हणून आपल्याला माहीत आहेत. त्यांत समाजाला कानपिचक्या भरपूर आहेत, पण पुढचं चित्रही आहे. लोक शिकतील, पार्लमेंट मागतील, आणि पुढे कधीतरी आपला कारभार आपणच करू लागतील, असं. गोष्ट नाही, स्वप्न नाही, सरळ विचार. पण नजर पुढेच.

आपल्या मातीतली दोन चित्रं

याच्याही कितीतरी आधी आपल्या बाजूला दोन चित्रं रंगवली गेली. त्यांना कुणी युटोपिया म्हणत नाही, पण वर्गात ती शेजारी ठेवून बघायला हरकत नाही.

पहिलं, पसायदान. शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तिच्या शेवटी हे मागणं आहे. आपल्या शाळांमधून परिपाठात ते म्हटलं जातं, त्यामुळे मुलांना चालीसकट पाठ असतं. पण अर्थ विचारला की शांतता. मी मुलांना एवढंच विचारते : ज्ञानेश्वर दुष्ट माणूस मरो असं मागतात का? नाही. त्याच्या मनातला वाकडेपणा जावो, त्याला चांगल्या कामाची गोडी लागो, सगळ्या जिवांची एकमेकांशी मैत्री होवो असं मागतात. जगातल्या बहुतेक आदर्श राज्यांत वाईट माणसाला बाहेर काढलेलं असतं, नाहीतर शिक्षा केलेली असते. इथे त्याच्यासकट सगळ्यांना आत घेतलंय. आणि सज्जनांना त्यांनी अशा सूर्याची उपमा दिली आहे जो तापवत नाही. एप्रिलमध्ये पत्र्याच्या वर्गात बसणाऱ्या मुलांना ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

पण भाकरीचा प्रश्न पसायदानात नाही. तो आहे जनाबाईकडे.

परळीहून पुढे गेलं की गंगाखेड, परभणी जिल्हा. जनाबाईचं गाव हेच मानतात. नामदेवांच्या घरी ती दासी होती. दळण, कांडण, पाणी, शेण, झाडलोट ही तिची रोजची कामं. तिच्या अभंगांत विठोबा येतो तो सिंहासनावर बसलेला नसतो. तो तिच्यासोबत जात्यावर बसून दळू लागतो, पाणी भरतो, शेण्या वेचतो, तिचे केस विंचरतो. म्हणजे जिच्या वाट्याला सगळे कष्ट आले तिने देवाकडे काय मागितलं बघा. राजवाडा नाही, सोनं नाही. माझ्यासोबत जात्याला हात लाव, एवढंच.

जनाबाईचं हे काही भविष्यातलं चित्र नाही, भक्तीचं आहे, हे मला माहीत आहे. पण ‘सुखी जगात दळण कोण दळतं’ हा प्रश्न तिने सातशे वर्षांपूर्वी सोडवून ठेवला आहे. जो सगळ्यांत मोठा, तोही दळतो.

१८८८ : दोन पुस्तकं, दोन दिशा

आता थेट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला येऊ. १८८८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड बेलामी यांची ‘लुकिंग बॅकवर्ड’ ही कादंबरी आली. बोस्टन शहरातला एक श्रीमंत तरुण १८८७ मध्ये झोपतो आणि सन २००० मध्ये जागा होतो. तोवर गरीब-श्रीमंत भेद संपलेला आहे. सगळ्यांना सारखा वाटा. रोख पैसे नाहीत, प्रत्येकाकडे एक कार्ड, त्यावरून वस्तू मिळतात. घरबसल्या टेलिफोनच्या तारेतून गाणं ऐकू येतं. हे वाचून मुलं म्हणतात, “मॅडम, हे तर झालंच की !”

झालं ते कार्ड आणि गाणं. सारखा वाटा झाला नाही. पुस्तकातल्या कोणत्या गोष्टी खऱ्या झाल्या आणि कोणत्या नाही, याची दोन रकान्यांत यादी करायला लावा. यंत्रं एका बाजूला जमतात आणि न्याय दुसऱ्या बाजूला. मुलांना ते स्वतःहून दिसतं, आपण सांगायची गरज पडत नाही.

बेलामींनी कामाचा विचार मात्र नीट केला होता. एकवीस ते पंचेचाळीस वयापर्यंत प्रत्येकाने काम करायचं, नंतर सुट्टी. जे काम जास्त कष्टाचं त्याचे तास कमी. यावर मी मुलांना विचारलं, “ऊसतोडीचं काम असं असतं तर किती तास असतं?” पोरांनी बोटं मोजली. कुणी म्हणालं तीन, कुणी म्हणालं दोन. आज त्यांचे आईवडील पहाटेपासून उसात असतात आणि गाडी भरायला रात्रीही जावं लागतं. बेलामींच्या बोस्टनमध्ये स्वयंपाक सार्वजनिक भटारखान्यात होतो आणि कपडे सार्वजनिक धोबीखान्यात धुतले जातात. म्हणजे चूल पहिल्यांदा घराबाहेर आली.

इंग्लंडच्या विल्यम मॉरिस यांना हे चित्र आवडलं नाही. सगळं जग म्हणजे जणू मोठी फौज, असं त्यांना वाटलं. त्यांनी १८९० मध्ये ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ लिहिलं. तिथे काम ही शिक्षा नाही, आनंद आहे. लोक हौसेने गवत कापतात, लाकडावर नक्षी कोरतात, नदी स्वच्छ झालेली आहे. फार सुंदर पुस्तक. पण पाहुणा पहिल्याच दिवशी न्याहारीला बसतो तेव्हा वाढायला कोण? बायकाच. हौसेने !

आता आपल्या पुण्यात या. त्याच १८८८ साली जोतीराव फुले यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पूर्ण केलं. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले, पुस्तक १८९१ मध्ये छापलं गेलं.

या पुस्तकात एका घराचं चित्र आहे. ते मी वर्गात नेहमी सांगते. घरातली बाई अभ्यास करून बौद्ध होते. नवरा बायबल वाचून ख्रिस्ती होतो. मुलगी कुराण वाचून मुसलमान होते. मुलगा सत्यधर्मी होतो. आणि हे चौघं एका छपराखाली, एकमेकांचा द्वेष न करता, प्रेमाने राहतात. विमान नाही, विजेचे दिवे नाहीत, कार्ड नाही. साधं घर. पण मला विचाराल तर मर्सिए, बेलामी, मॉरिस या सगळ्यांपेक्षा हे चित्र जास्त दूरच्या भविष्यातलं आहे. विमानं आली, तसं घर अजून किती ठिकाणी आलं?

जोतीरावांचं वेगळेपण असं की ते स्वप्नाचा खर्चही मांडतात. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ते सांगतात की सरकारने सैन्यातले आणि पोलिसांतले हात लावून ठिकठिकाणी ताली, बंधारे बांधावेत, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरेल आणि मग ओढ्यानाल्यांना मिळेल. आष्टी, पाटोदा, शिरूरच्या मुलांना हे वाचून दाखवा. माथ्यावर बांध घालून पाणी मुरवायचं हे आपण आज श्रमदानात करतो, ते एकशे चाळीस वर्षांपूर्वी एका माणसाने लिहून ठेवलं होतं. आणि नुसतं लिहून थांबले नाहीत. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. भविष्यातलं गाव कसं असावं हे त्यांनी आधी स्वतःच्या अंगणात करून पाहिलं.

जिथे बायकांनी स्वप्न पाहिलं

आतापर्यंतची पुस्तकं, जनाबाई सोडली तर, पुरुषांनी लिहिलेली. १९०५ मध्ये बंगालमधल्या रुकैया सखावत हुसेन या तरुणीने ‘सुलतानाचं स्वप्न’ ही इंग्रजी गोष्ट लिहिली. मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये ती छापून आली. रुकैयांचं वय तेव्हा पंचविशीच्या आसपास. शाळेत कधी गेलेल्या नव्हत्या, पडद्यात वाढलेल्या.

गोष्टीत सुलताना नावाची बाई खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी घेते आणि ‘स्त्रीदेशा’त पोचते. रस्त्यावर सगळ्या बायका, निर्धास्त. पुरुष कुठे आहेत? घरात, मर्दानखान्यात. मुलं सांभाळतात, स्वयंपाक करतात. शेती विजेवर चालते. माणसं आकाशातून प्रवास करतात. विद्यापीठातल्या शास्त्रज्ञ बायकांनी ढगांच्या वर एक फुगा सोडून हवं तेवढं पाणी उतरवून घ्यायची सोय केली आहे, त्यामुळे दुष्काळ नाही आणि चिखलही नाही. मुलीचं लग्न एकवीस वर्षांच्या आत करायचं नाही असा कायदा. कचेरीतलं काम बायका दोन तासांत उरकतात, कारण पुरुषांसारखा त्यांचा वेळ विड्या ओढण्यात जात नाही !

आणि स्वयंपाकघर? सुलताना ते मुद्दाम बघायला जाते. भाजीच्या मळ्यात स्वच्छ स्वयंपाकघर. धूर नाही, कोळसा नाही, धुराडं नाही. सूर्याची उष्णता साठवून त्यावर स्वयंपाक होतो. पुरुषांच्या पुस्तकांत यंत्रं रस्त्यावर आणि कारखान्यात दिसतात. चुलीच्या धुराने डोळे चुरचुरतात हे जिला माहीत होतं, तिने यंत्र आधी स्वयंपाकघरात नेलं.

ही गोष्ट वर्गात सांगितली तर मुलगे चिडतात. “मॅडम, हे बरोबर नाही. आम्हाला कोंडून का ठेवलं?” रुकैयांना बहुतेक हेच हवं असावं. मी म्हणते, “चार दिवस कोंडलं तर राग आला ना? मग?” पुढचं बोलावं लागत नाही. आणि हो, उलटं करणं म्हणजे न्याय का, हाही प्रश्न मुलींना विचारावा. आमच्या वर्गात मुलींनीच उत्तर दिलं, “नाही, दोघांनी करायचं.”

रुकैयांनीही स्वप्न कागदावर ठेवलं नाही. १९०९ मध्ये भागलपूरला आणि १९११ पासून कोलकात्यात त्यांनी मुलींची शाळा चालवली. घरोघर जाऊन आईबापांना मुली पाठवा म्हणून विनवलं. गावात मुली शाळेत टिकाव्यात म्हणून दारोदार फिरणाऱ्या आपल्या शिक्षिकांना त्या आपल्यातल्याच वाटतील.

वर्गात कसं घ्याल?

सहावी ते आठवीला हा विषय तीन तासांत होतो. मी असा घेतला :

१. आधी काहीही न सांगता निबंध लिहून घ्यायचा. ‘सन २१०० मधलं माझं गाव’. दुरुस्त करायचा नाही, गुण द्यायचे नाहीत.

२. दुसऱ्या तासाला वरच्यापैकी तीन चित्रं गोष्टीसारखी सांगायची. मी बेलामी, जोतीरावांचं घर आणि सुलतानाचं स्वप्न घेतलं. जनाबाई भाषेच्या तासाला आपोआप येते.

३. मग मुलांनी आपलीच वही पुन्हा वाचायची आणि चार प्रश्नांची उत्तरं शोधायची. तुझ्या गावात पाणी कोण आणतं? भाकरी कोण करतं? घाण कोण साफ करतं? दिवसभर काम करून कोण दमतं, आणि त्याला काय मिळतं?

४. उत्तर सापडलं नाही तर गाव अपूर्ण आहे. पुन्हा लिहायचा.

‘रोबोट करील’ हे उत्तर मी नाकारत नाही, पण तिथे सोडतही नाही. रोबोट कुणाच्या मालकीचा? ऊस तोडणारी मोठी यंत्रं आजच शेतात उतरली आहेत. यंत्र आलं की कष्ट वाचतात हे खरं, पण ज्या कोयत्याचं काम गेलं त्या घरात काय शिजतं? आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. दोघांचे कष्ट, नाव एक. मुलांना हे शब्द माहीत आहेत. फक्त निबंधात लिहायचे नसतात असं त्यांना वाटतं. निबंधाची भाषा वेगळी, घरची वेगळी, असं आपणच कुठेतरी शिकवलंय.

काही सहकारी म्हणाले, “मुलांना स्वप्नं तरी पाहू द्या. तिथेही ऊसतोड कशाला आणता?” हा आक्षेप मी मनावर घेतला. रोज ज्यात पोरं भरडली जातात ते वहीत तरी नको, असं मलाही कधी कधी वाटतं. पण त्या मुलीने ऊसतोड आणली नव्हती. तिने आईची झोप आणली होती. तिचं स्वप्न मोठंच होतं. फक्त त्यात स्वतःला सुट्टी द्यायची असते, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

पालकांना एकच विनंती. मुलगा घरी असेल तर आज रात्री त्याला पीठ मळायला बसवा. भाकरी नकाशासारखी होईल, होऊ द्या. मुलगी अभ्यासाला बसली असेल तर “उठ गं, तवा ठेव” म्हणून तिला उठवू नका. जोतीरावांनी हौद खुला करायला भविष्याची वाट पाहिली नाही.

त्या मुलीने दुसऱ्यांदा लिहिलेला निबंध माझ्याकडे आहे. त्यात गावाच्या मधोमध एक मोठं स्वयंपाकघर आहे, वर पत्र्यावर सौर पाट्या. दारावर फळा, आणि फळ्यावर पाळीची यादी. सोमवार पप्पा, मंगळवार माय, बुधवार दादा, गुरुवार सरपंच. शुक्रवारी माझंही नाव होतं. तिचं स्वतःचं नाव शोधलं तर रविवारी सापडलं. मी विचारलं, “रविवारच का?”

“बाकीचे दिवस शाळा असते ना मॅडम.”

यंदा ती आजीजवळ राहिली आहे. माय-बाप मार्चनंतर येतील.

तुमच्या वर्गात हा निबंध घेतला तर मुलांच्या गावात भाकरी कोण करत होतं, ते मला नक्की कळवा.